मस्टरवरचं नाव

"कुबडी बाहेर ठेव," शिपाई म्हणाला. "फरशीला चरे पडतेत."

मी कुबडी दाराबाहेर टेकवली आणि एका पायावर उड्या मारत साहेबांच्या टेबलापर्यंत गेलो. खुर्चीत आमच्या बांधकामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार बसला होता. त्याच्यापुढे चहा. माझ्या उड्या बघून तो हसला. साहेबही थोडे हसले. मला बस कुणी म्हणालं नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. सरकारी इमारती अजून उभ्या राहायच्या होत्या, म्हणून कामगारांचं ऑफिस भाड्याच्या घरात होतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर फायली रचलेल्या. साहेबांनी माझी फाइल तिथूनच मागवली.

"नाव?"

मी पूर्ण नाव सांगितलं. माझं, बापाचं, आडनाव.

साहेबांनी कामाच्या हजेरीच्या मस्टरवर बोट फिरवलं. "या नावाचा माणूस कामावर नव्हताच. हा एक दिसतोय." त्यांनी ते दुसरं नाव वाचलं. शेवटी 'या' लावलेलं. गाव मला ज्या नावानं हाक मारायचं ते. ते मी इथं लिहिणार नाही.

"मीच तो, साहेब. पर ते माझं नाव न्हाई."

"मग तू तो कसा?"

गुत्तेदार मोठ्यानं हसला. मला घाम फुटला. कारण ते नाव मस्टरवर मीच घातलं होतं.

आमचं गाव जळकोटकडचं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. विहिरीच्या तळाला चिखलही उरला नव्हता, रानात काम नव्हतं. मी आणि माझी थोरली बहीण धुरपता, दोघं लातूरला आलो. नव्या जिल्ह्याची ऑफिसं बांधायला माणसं लागत होती. पहिल्या दिवशी मुकादमानं विचारलं, "नाव काय रे?"

त्याचे पांढरे कपडे. तो आवाज. ते 'रे'. माझी मान आपोआप खाली गेली आणि जिभेनं गावातलं नाव दिलं. मी सातवी शिकलेला. धम्म घेतल्यावर बापानं मोठ्या हौसेनं मला चार अक्षरी नाव ठेवलं होतं. तो म्हणायचा, "आता आपल्यात कुनाला 'या' न्हाई." हे सगळं ठाऊक असून मी ते तुकडा पाडलेलं नाव सांगितलं. समोर गावचा कुणी नव्हता. तरी सांगितलं.

मुकादमानं आक्काला तर नावही विचारलं नाही. माझ्या नावाखाली लिहिलं, 'त्याची बहीण'.

"बापानं हेच नाव ठिवलं का रं तुझं?" आक्का नंतर म्हणाली.

"जाऊ दे की आक्का. हजरी लागली न्हवं?"

"माझं तर लिवलंच न्हाई." हे ती हसत म्हणाली. ते हसणं मला अजून झोपू देत नाही.

चार महिने आम्ही काम केलं. तिसऱ्या मजल्यावर बांबू-फळ्यांची परांची बांधली होती, तिचा एक दोर कुजला होता. मी मुकादमाला दाखवला. तो म्हणाला, "तुला काम करायचंय का दोर तपासायचेत?" त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, फळी सरकली. आक्का डोक्यावर घमेलं घेऊन माझ्यापुढं होती. पडताना तिनं मला हाक मारली. पूर्ण नावानं, चारही अक्षरं. तिनं मला 'या' लावून कधीच हाक मारली नव्हती. तिला धरायला गेलो आणि तिच्या मागं मीही खाली आलो. मी वाळूच्या ढिगाच्या कडेला पडलो. ती सळयांवर पडली. दवाखान्यात नेईपर्यंत ती संपली होती. माझा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

अजूनही मागून कुणी माझं नाव घेतलं तर मी मागं वळत नाही. आधी वर बघतो.

साहेबांनी एक तयार कागद पुढं सरकवला. 'या' लावलेलं ते नाव, मग 'व त्याची बहीण' असे कामावर होतो, नुकसानभरपाई मिळाली, आता तक्रार नाही. सोबत शाईचं पॅड. तुला लिहिता येतं का, हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

"अरे, तुमच्यात असंच म्हणतात ना?" साहेब अगदी समजुतीनं बोलले. "त्यात एवढं काय? मीच तो, असं कबूल कर. अंगठा लाव आणि पैसे घेऊन जा."

घरी माय एकटी होती. ज्वारीचं मडकं रिकामं होतं. ते मला तिथं उभ्या उभ्या दिसत होतं. मी अंगठा शाईवर टेकवलासुद्धा.

मग कागद पुन्हा वाचला. धुरपता कुठं आहे ते शोधलं. ती नव्हती. जो माणूस मी नव्हतोच, त्याची ती कुणीतरी बहीण होती. चार महिने सिमेंट वाहून मेलेल्या बाईला त्या कागदावर नावच नव्हतं. आणि ही सुरुवात माझ्या जिभेनं केली होती. माझा अपमान मी गिळला असता, तेवढी सवय होती. तिचं नाव मला गिळता येईना.

अंगठा सदऱ्याला पुसला. साहेबांचा पेन उचलला.

"ए, ए," साहेब म्हणाले.

त्या कागदावर आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं, धुरपता. खाली माझं पूर्ण नाव.

"आदी ही नावं मस्टरवर लिवा, साहेब. मग पैशाचं बोला."

"केस बंद होईल तुझी."

"होऊ द्या. मी पुन्ना उघडीन."

"लई माजलेत," गुत्तेदार म्हणाला. चहा त्यानं संपवला होता.

उड्या मारत परत निघालो. दारात तोल गेला, पडलो. कुणी उचललं नाही. कुबडी धरून मीच उठलो.

मायला सांगितलं तेव्हा तिनं कपाळ बडवून घेतलं. "नाव शिजवून खाऊ का रं?" तिचं काही चुकलं नव्हतं.

मी स्वतःच्या हातानं नवा अर्ज केला. फाइलवर नाव मात्र मस्टरवरचंच राहिलं. तेव्हापासून तारखा पडतात. दर तारखेला शिपाई दारातून तेच 'या' लावलेलं नाव पुकारतो. बाकावर मी एकटाच असतो आणि तो माझ्याकडेच बघून ओरडतो. मी उठत नाही. तीनदा पुकारा होतो, गैरहजर म्हणून शेरा पडतो. मग मी घरी जातो आणि पुढच्या तारखेला पुन्हा येऊन बसतो. कुबडी आता बाहेर ठेवत नाही.

माझं नाव मी इथंही लिहिलेलं नाही. ते आधी त्या मस्टरवर आलं पाहिजे. त्याच्याही आधी तिचं. शिपायानं दारात उभं राहून 'धुरपता' असा पुकारा करावा. मग मी उठेन आणि तिच्या वतीनं हजर म्हणेन. तोवर त्या दुसऱ्या नावाच्या पुकाऱ्याला मी बाकावरून उठणार नाही.