बुडत्याला बिंडा

सणसरच्या शिवारात झुंबरतात्याच्या विहिरीवर पोहायला शिकलं नाही असं पोर शोधून सापडायचं नाही. आणि त्या विहिरीवर रडलं नाही असं तर एकही नाही! मे महिन्याची सुट्टी लागली, पाटाला पाणी सुटलं आणि विहीर वरच्या पायऱ्यांना टेकली, की आया पोरांना तिकडं पिटाळायच्या. स्वतः मात्र पुढचे आठ-पंधरा दिवस त्या बांधाला फिरकायच्या नाहीत. आपल्या पोराचा टाहो ऐकवतो होय कुणाला?

तात्या माळव्याचा शेतकरी. दोडका, वांगी, गवार काढायची आणि बारामतीच्या बाजाराला घालायची, हा त्याचा धंदा. पण गावात त्याला ओळखायचे ते पोहण्यापायी. साठी उलटली तरी अंग कसं, वाळल्या चिंचेच्या लाकडागत. आवाज असा की पलीकडच्या उसात पाणी धरणारा माणूस दचकावा.

त्याची शिकवण्याची रीत सरळ होती. पांगाऱ्याच्या हलक्या वाळल्या लाकडाचा ओंडका घ्यायचा, त्याला बिंडा म्हणतात, तो पोराच्या पाठीला दोरीनं बांधायचा, पोराचं बखोट धरायचं आणि वरच्या पायरीवरनं द्यायचं भिरकावून! पोर खाली जायचं, बिंड्यानं वर यायचं, नाकातोंडात पाणी, डोळे पांढरे. वरनं तात्या ओरडायचा, "पाय हालव, सुक्काळीच्या! रडायला हितं आईचा पदर हाय व्हय?" रोज संध्याकाळी तो बिंडा कुऱ्हाडीनं थोडा तासायचा. पोराला सांगायचा नाही. तासून तासून बिंडा हाताएवढा राहायचा आणि एके दिवशी पोर बिंड्याशिवायच काठाला लागायचं. मग त्याचं त्यालाच नवल वाटायचं. एवढं सगळं आया-बाप कौतुकानं सांगायचे. खरी क्रौर्याची गोष्ट पुढंच होती, आणि तिच्याबद्दल कुणी फार बोलायचं नाही.

सगळी पोरं पोहायला लागली की तात्या त्यांची परीक्षा घ्यायचा. सांगून नाही. पोरं पायऱ्यांवर अंग वाळवत बसलेली असायची, आणि तात्या विहिरीच्या मधोमध एकाएकी हातपाय झाडायला लागायचा. "वाचवा रं! गेलो, गेलो!" डोळे फिरवायचा, तोंडातनं बुडबुडे काढायचा. नाटकातला राजा काय करील असं सोंग! एखादं भाबडं पोर धावून पाण्यात उतरलंच, तर तात्या त्याच्या मानेला मिठी मारायचा आणि त्याला खाली दाबून धरायचा. छाती फुटायची वेळ आली की सोडायचा, वर आणून दोन कानाखाली वाजवायचा आणि म्हणायचा, "बुडणाऱ्याच्या हाताला कधी लागायचं न्हाय! त्यो बाप असू दे, भाऊ असू दे. बुडत्याला काडीचा आधार म्हणत्यात ना? मग काडी द्यायची. हात न्हाय द्यायचा. बिंडा फेकायचा आन् जाग्यावर उभं ऱ्हायाचं."

जो उभा राहिला, ज्यानं नुसता बिंडा फेकला, त्याला तात्या विहिरीच्या कडेला टांगलेल्या सदऱ्याच्या खिशातनं गुळाचा खडा काढून द्यायचा. "हा जगंल," म्हणायचा. त्याच्या तोंडून एवढी एकच शाब्बासकी.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस आहे का कसाब? तर ऐका. ह्याच विहिरीत, झुंबर लहान असताना, त्याचा धाकटा भाऊ कुशाबा पाय घसरून पडला. थोरला गेणबा पट्टीचा पोहणारा. त्यानं मागचापुढचा विचार न करता उडी घेतली. कुशाबानं त्याच्या गळ्याला जी मिठी मारली ती मारलीच. झुंबर पायरीवर बसून बघत होता. त्याला पोहता येत नव्हतं. दोघं एकदा वर आले, दुसऱ्यांदा आले, मग नाही आले. गळ टाकून काढलं तर दोघं एकातच निघाले. चुलत्यानं हात सोडवायला बघितलं, सुटेनात. तसंच घरी आणलं. आई, ठमाबाई, मरेस्तोवर एकच बोलत राहिली, "एक जायाचाच हुता. पर दुसरा कशाला गेला रं?" जेवताना बोलायची, जात्यावर बोलायची. झुंबरच्या कानात ते वाक्य असं बसलं की पुढं त्याला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

त्याच्या हाताखाली शेकड्यानं पोरं शिकली. एकही बुडालं नाही, आणि दुसऱ्याला काढायला जाऊन मेलं असंही एकही नाही. ह्याचा त्याला केवढा ताठा! आणि का नसावा? पण देवानं त्याच्या घरातच खोट घातली. त्याचा नातू, अविराज.

पोरगं पोहण्यात चांगलं, पण काळजानं लोणी. जनावरांच्या हौदात मधमाशी पडली तरी पानावर घेऊन तिला उन्हात ठेवायचा आणि पंख वाळेपर्यंत तिथंच उकिडवा बसायचा. तात्या लांबून बघायचा. अगदी गेणबाच! तोच चेहरा, तीच घाई. हा कुणासाठी तरी एक दिवस उडी टाकणार आणि दुसऱ्याच्या मिठीत मरणार, हे तात्याला समोर दिसायला लागलं. ह्याचं मन घट्ट करायचं, मग त्याला आपला राग आला तरी चालेल, असं त्यानं मनाशी धरलं.

मागच्या उन्हाळ्यात, म्हणजे शहाण्णव साली, तात्यानं सोंग काढलं तेव्हा पोरांनी बिंडा टाकला. तो तात्याच्या हाताशी येऊन लागला. तात्यानं मुद्दाम धरला नाही, उलटा कोपरानं लोटून दिला आणि अविराजकडं बघून हाक मारली, "अव्या, ये रं बाळा! आजा चालला तुझा!" बाळा! जन्मात कधी ज्याला बाळा म्हणाला नव्हता! पोरानं सूर मारला की हो. जवळ आल्याबरोबर तात्यानं त्याची मान आवळली आणि खाली दाबली. इतर पोरांना दाबायचा त्याहून जास्त वेळ, कारण हा आपला होता. वर काढला तेव्हा ओठ निळे पडलेले. पायरीवर पालथा घालून पाणी काढलं, आणि शुद्धीवर येतो न येतो तोच कानाखाली जाळ काढला.

"घाबरल्याला बिंडा दिसत न्हाय. म्हणून दुसऱ्यांदा फेकायचा. शिरायचं न्हाय! आजा मेला तर मेला. समजलं?"

अविराजनं मान हलवली. रडला नाही. त्यानंतर तो तात्याच्या पंक्तीला जेवायला बसेनासा झाला.

त्या रात्री त्याच्या आईला, सोनलला, पोराच्या मानेवर बोटांचे वळ दिसले. नवरा कारखान्यावर पाळीला गेलेला, सासऱ्यापुढं तोंड उघडायची सोय नाही. तिनं वळांवर तेल लावता लावता पोराला जवळ ओढलं आणि म्हणाली, "पुन्हा कितीबी बोंबलू दे त्यो म्हातारा. बुडू दे तुझ्या देखत, मरू दे! तू जायचं न्हाय. माझी शपथ हाय तुला."

तात्या ओसरीवर पडल्या पडल्या ऐकत होता. त्याला वाईट वाटलं नाही. उलट हसला. सून शहाणी झाली म्हणायची!

ह्या वर्षी अविराज मासोळीगत पोहत होता. त्याच्या जोडीला रवींद्र मास्तरांचा बुद्धघोष, बौद्धवाड्यातला. दोघं एका वर्गातले, एका बाकावरचे. बुद्धघोष एका दमात विहिरीचा तळ गाठून मूठभर गाळ आणून दाखवायचा. तात्या दोघांना शिव्या देण्यात भेदभाव करायचा नाही. मनातनं मात्र तो एकाच दिवसाची वाट बघत होता. अव्या उभा राहिला पाहिजे. तो उभा राहिला की आपण डोळे मिटायला मोकळे.

त्या दिवशी सकाळी चहा पिताना तात्याच्या हातातनं बशी निसटली. खाली पडून फुटली. सोनलनं तुकडे गोळा करताना वर बघितलं.

"मामंजी, तोंड एका बाजूला वाकडं दिसतंय. बारामतीला डाक्टरला दाखवून या की."

"तोंड माझं जलमापास्नंच वाकडं हाय," तात्या म्हणाला. "आन् आज मला येळ न्हाय. पोरांची परीक्षा हाय."

उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. ऊन लागलं असेल, म्हणून त्यानं तो धोतराला पुसला. मुंग्या काय पुसून जातात? पण हट्टी माणसाला कोण सांगणार!

सोनल दोडका तोडायला पलीकडच्या वावरात गेली. पोरं पोहून पायऱ्यांवर बसली होती. तात्यानं सदरा खुंटीला टांगला, खिसा चाचपून गूळ आहे ना बघितलं, आणि उडी घेतली. मधोमध गेला. आता सुरू करावं, म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याच्या अंगावरनं वारं गेलं.

उजवा हात गेला. उजवा पाय गेला. अर्धं अंग दगड होऊन खाली ओढायला लागलं. त्यानं पाठीवर पडायला बघितलं, पण एका अंगानं कलंडला आणि पाणी तोंडात शिरलं. "व्हा... व्हा..." असा काहीतरी आवाज त्याच्या घशातनं निघाला.

पायऱ्यांवर पोरं खदखदून हसली. "आली परीक्षा! तात्या ह्या साली मुक्याचं सोंग घेतंय!"

बुद्धघोषनं बिंडा उचलला आणि नेमका फेकला. तो तात्याच्या उजव्या हाताला येऊन टेकला. तात्यानं हाताला हुकूम दिला, हात हलेना. बिंडा तसाच फिरत लांब गेला.

"मागच्या सालीबी धरला न्हवता," अविराज म्हणाला. त्यानं दुसरा बिंडा घेतला, तात्यानं शिकवला तसा खालून झोका देऊन फेकला. तोही हाताशी आला, तोही गेला.

तात्या खाली गेला. डाव्या पायानं तळमळून वर आला. डोळ्यांपुढं पायरी होती आणि पायरीवर अविराज. एकदम शेवटच्या पायरीवर, पाण्यात घोट्यापर्यंत. तात्याला त्याच्या डोळ्यांत सरळ बघता आलं. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी त्याला शिकवण आठवली नाही, गेणबा आठवला नाही, आई आठवली नाही. त्याला जगायचं होतं. पोरानं यावं असं वाटलं. जीव खाऊन वाटलं. 'ये' एवढंच म्हणायचं होतं. जीभ लुळी पडली होती.

बुद्धघोषचं हसू थांबलं. "अव्या, त्याचं डोळं बघ की. हे सोंग न्हाय वाटत. मी जातो."

अविराजनं त्याचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी, गच्च. "न्हाय जायचं! त्यो फसवतोय. तुला दाबून धरील, मला माहिताय."

"अरं, पर..."

"न्हाय म्हणलं ना!"

तात्या हे ऐकत होता. पाणी कानावर येईपर्यंत सगळं ऐकत होता. मग तो खाली गेला.

पोरं वाट बघत उभी राहिली. तात्याचा दम मोठा, सगळ्यांना ठाऊक होतं. आता पलीकडच्या कडेनं वर येईल आणि शिव्या देईल. पाणी निवळत गेलं. दोन बिंडे एकमेकांना लागून तरंगत राहिले. बुद्धघोषनं हिसडा देऊन मनगट सोडवलं आणि बोंबलत दोडक्याच्या वावराकडं पळत सुटला.

उसातली माणसं धावून आली. ज्यांना तात्यानंच पोहायला शिकवलं होतं त्यातल्याच दोघांनी बुडी मारून त्याला वर काढला आणि काठावर निजवला. एका गड्यानं पोट दाबून बघितलं, नाकापुढं हात धरला आणि मान खाली घातली. तात्याचा उजवा गाल खाली ओघळला होता. तेव्हा कुठं लोकांना कळलं काय झालं ते.

सोनलनं खुंटीवरचा सदरा ओढला आणि त्याच्या तोंडावर टाकायला गेली. खिशातनं गुळाचा खडा निसटून मातीत पडला. अविराज तिथंच उभा होता. त्यानं खाली वाकून तो खडा उचलला, चड्डीला पुसला आणि मुठीत धरला.

"आये, मी गेलो न्हाय," तो म्हणाला. "बुद्ध्या जात हुता, त्यालाबी जाऊ दिलं न्हाय."

पोरानं आईचा पदर ओढला.

"तूच शपथ घातलीवतीस ना? मग सांग की तात्याला, मी उभा ऱ्हायलो म्हणून."