पुसदचे बारा आणे

महागावात एका शनिवारी मी पाटी घेऊन हिशेब करत बसलो होतो... त्रेसष्ट-चौसष्ट साल असेल. बांधबंदिस्तीच्या कामावर ओव्हरसियर म्हणून माझी पहिलीच नोकरी, वय बावीस. नाशिककडचा मुलगा, इथे ओळखीचं कुणी नाही, बोली निम्मी कळायची.

हिशेब गाडीचा होता. नागपूरच्या मामांनी नवी गाडी घेतली आणि जुनी कौतुकाने माझ्या गळ्यात मारली. पेट्रोल पुसदला मिळायचं... म्हणजे पेट्रोल आणायला पुसदला जायचं आणि पुसदला जायला पेट्रोल जाळायचं! बसने पुसद बारा आणे, जाऊन-येऊन दीड रुपया. गाडीने सहा-सात रुपये, शिवाय पुसदच्या करीम मिस्त्रीकडे दर महिन्याला हजेरी ती वेगळीच. ते गाडीखालून बाहेर येत म्हणायचे, "साहब, ये गाडी नहीं, जवाई है. खिलाते रहो."

पण खरं दुखणं पैशांचं नव्हतं.

गाडी येण्याआधी तीन महिने मी बसने हिंडलो होतो. खूप कुरकूर केली तेव्हा... गर्दी, धूळ, मांडीवर कुणाची तरी कोंबडी. पण शेजारचा माणूस हमखास विचारायचा, "कोन्या गावचे जी? लगन झालं का?" नको इतकं विचारायचा.

गाडी आली आणि विचारणारे संपले. मी दिसलो की लोक बैलगाडी कडेला घेऊन उभे राहायचे. कुणाला बसवून घेतलं तर तो मागच्या सीटच्या काठावर टेकायचा, पायताण हातात धरून. मी काही बोललो की "हो जी", नाहीतर "नाही जी". उतरताना रामराम आणि पसार.

कित्येक दिवस असे जायचे की कामाच्या सूचना सोडून तोंडातून शब्द निघायचा नाही. संध्याकाळी खोलीत स्टोव्हचा आवाज बरा वाटायचा. मी राजीनामा देऊन घरी जायचं जवळजवळ ठरवलं होतं, खोटं कशाला सांगू... रडूही यायचं.

त्या शनिवारी हिशेब आवरून पुसदला निघालो. फाट्यावर एक म्हातारी बाई उभी होती. आरसे लावलेली चोळी, कोपरापर्यंत चुडे, डोक्यावर तुपाचा डबा. जवळच्या बंजारा तांड्यावरची असणार. तिची बस नुकतीच चुकली होती. मी गाडी थांबवली. ती मागे गेलीच नाही, सरळ पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसली.

"पुसदचे किती?" तिने विचारलं.

"काही नको, आजी. मी तिकडेच चाललोय."

ती डबा उचलून पुन्हा खाली उतरली. "नाही बसत मंग."

मला जरा रागच आला. चांगुलपणा करायला जावं आणि हे असं! म्हटलं, "का हो? पैसे नकोत म्हटलं तर काय बिघडलं?"

"मोटरीत बारा आने मोजते, त कंडक्टरले सांगता येते... हळू चालव, मले इथं उतरव. फुकट बसलं का तोंड दाबून बसा लागते. पुसद येईस्तोवर मुक्यानं कोन बसन, बाबा?"

मी स्टिअरिंग धरून तसाच बसलो. मागच्या सीटच्या काठावर टेकलेली ती सगळी माणसं डोळ्यांसमोर आली... मी त्यांच्यावर उपकार करत होतो आणि वर त्यांच्याकडून गप्पांची अपेक्षा करत होतो.

हात पुढे केला. तिने कमरेची गाठ सोडून मोजून बारा आणे दिले, पुन्हा शेजारी येऊन बसली आणि मग जी सुरू झाली... पहिल्या खड्ड्याला मला झापलं. डबा लेकीच्या बाळंतपणासाठी चालला होता, हे सांगितलं. मला याडी म्हण म्हणाली. त्यांच्याकडे आईला याडी म्हणतात.

मग विचारलं, "घरी कोनी नाही तुह्या? संध्याकाळी कोनासंग बोलतं?"

मी गाडी कडेला घेतली आणि चष्मा पुसत राहिलो. डब्याचं झाकण काढून तिने बोटभर तूप माझ्या तळहातावर ठेवलं, लहान पोराच्या हातावर ठेवतात तसं.

त्या संध्याकाळी मी गाडी करीम मिस्त्रींच्या दारात उभी केली आणि बसने परत आलो. शेजारच्या माणसाने "कोन्या गावचे जी" विचारलं आणि मी नाशिकपासून सुरुवात केली. गाडी महिन्याभरात विकली. मामा वर्षभर बोलले नाहीत. महागावात मी पुढे सहा वर्षं राहिलो.

लेकीच्या घरी त्या याडीने पोहोचवलेलं तूप गोड लागलं असेल. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, याचं अजून वाईट वाटतं.

आता पंच्याऐंशीत आहे. मुलाकडे मोठी गाडी आहे, गार हवेची. दवाखान्यात नेतो, आणतो, दार उघडून धरतो... फार चांगला मुलगा आहे. गाडीत त्याचे फोन सुरू असतात. खूपदा वाटतं, म्हणावं, जरा हळू घे, वाटेतल्या त्या वडाखाली दोन मिनिटं थांब. म्हणत नाही.

परवा त्याला म्हटलं, "पेट्रोलचे थोडे पैसे माझ्याकडून घेत जा रे."

तो हसला. "बाबा, काहीतरीच काय तुमचं!"

मग मी खिडकीबाहेर बघत बसलो. घर येईपर्यंत.