मोतीरामने रजिस्टरमध्ये लिहिलेली चूक

मोतीराम गांगुर्डेला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा माणूस कॉम्प्युटरला हात लावणार म्हणून माझा विश्वासच बसला नव्हता. पायात रबरी चप्पल, खिशाला स्क्रू ड्रायव्हर, आणि बोलणं इतकं सावकाश की आपल्यालाच धाप लागावी. आज मात्र त्याचं नाव काढलं की माझी मान खाली जाते. का, ते सांगतो.

आमची पैठणीची संस्था. ऑफिस नाशकात रविवार कारंजाला, माग येवल्याला. कुठल्या मागावर कुणाची साडी, काठ कुठला, लग्न कधी, सगळं नाशिकच्या एका सर्व्हरमध्ये. येवल्याच्या केंद्रातून शुभांगी इंटरनेटवरून त्याला जोडून नोंदी करायची. विणकराची पोर, घरातली पहिलीच कॉम्प्युटरवर बसलेली. ही जोडणी, आमचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मोतीरामनेच दोन वर्षांपूर्वी करून दिली होती.

२००८च्या जानेवारीत एका बुधवारी येवल्याहून सर्व्हर उघडेना. आमच्याकडे तर झकास चालत होता. झालं, मॅनेजरने निकाल देऊन टाकला, "पोरीनेच सेटिंग बिघडवलंय. सोमवारपासून दुसरी बघतो."

शुक्रवारी सकाळी मोतीराम आला. मॅनेजरचं सगळं ऐकून घेतलं आणि येवल्याची एसटी धरली. दुपारी परत आला तो म्हणाला, "तिनं काय बी केलेलं नाय. मी दिलेली सेटिंग जशीच्या तशी हाय."

मग त्याने इथे फतकल मारली. बाहेरच्यांना अडवणारी सर्व्हरची फायरवॉल तपासली, इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर, तपासला. मधेच मला विचारलं, "काका, सकाळी ऑफिस कोण उघडतं?"

"नवसाबाई. पण त्या मंगळवारी संध्याकाळीच मालेगावला लेकीकडे गेल्यात. सध्या मीच उघडतो."

"आधी कुठलं मशीन चालू करता?"

मॅनेजर मागेच उभा. "नेहमीसारखंच, सर्व्हर," मी म्हणालो. साफ खोटं. ऑस्ट्रेलियात मॅच चालू होती, आल्या आल्या मी माझंच मशीन चालू करून स्कोर बघत होतो.

मोतीरामने राउटरमधली, कुठल्या मशीनला कुठला नंबर मिळाला त्याची यादी उघडली आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं. यादीत सगळं होतं. आमच्याकडे संध्याकाळी मेन स्विच बंद करायची शिस्त. सकाळी राउटर पुन्हा नव्याने नंबर वाटायचा, दवाखान्यात वाटतात तसा, जो आधी येईल त्याला आधीचा. नवसाबाई झाडलोट झाली की सगळ्यात आधी सर्व्हरला उदबत्ती ओवाळायच्या, त्याला चालू करायच्या, मग बाकीच्यांना. एक नंबर राउटरचा स्वतःचा, त्यामुळे दोन वर्षं सर्व्हरला रोज दोन हाच नंबर मिळाला, आणि येवल्याहून येईल ते दोन नंबरकडे पाठवायचं असं राउटरला सांगून ठेवलेलं. आता दोनवर माझं मशीन बसलं होतं. येवल्याची हाक माझ्या दारात येऊन परत जात होती.

त्याने सर्व्हरला कायमचा नंबर बांधून दिला आणि येवल्याला फोन लावला. "शुभांगीताई, बघा आता." पलीकडे तिने सर्व्हर उघडला. मग तिने अकरा नंबरच्या मागाची नोंद रडत रडत वाचून दाखवली. त्यानंतरही तो तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलला.

मॅनेजरने तक्रारीचं रजिस्टर पुढे सरकवलं. "चूक कुणाची, लिहा." मोतीरामने लिहिलं, "सर्व्हरला कायमचा नंबर द्यायचा माझ्याकडून राहिला. चूक माझी." खाली सही.

मी त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेलो. तो चपला घालत म्हणाला, "स्कोर किती झाला होता, काका?" मी त्याच्या चपलांकडे बघत राहिलो. "ऱ्हाऊ द्या. चूक माझी होतीच, दोन वर्षांपूर्वीची. शुभांगीताईला तेवढा एक फोन करा." बस, इतकंच.

त्या एका ओळीपायी पुढच्या वर्षी आमच्या कॉम्प्युटरच्या देखभालीचं काम दुसऱ्याला गेलं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते सांगायला, पण येवल्याला फोन करायलाही मला आठ दिवस लागले होते. कसंबसं सगळं सांगितलं.

शुभांगी म्हणाली, "मोतीरामभाऊ त्याच दिवशी म्हणाले होते, काकांचा फोन येईल. उशीर झाला तर मनात काही धरू नका, माणूस चांगला आहे."