हराळीला पाणी

लोक ताक फुंकून पितात. माझी आई साधं पाणीसुद्धा फुंकून पिते. मीही तिचीच लेक. त्यामुळे तिच्या आतड्यातली गाठ यकृतापर्यंत पोचलीय हे कळलं, तेव्हा रडायच्या आधी आम्ही दोघींनी डॉक्टरकडे संशयानं पाहिलं. नेकनूरहून दोन एसट्या बदलून शहरात आलेलो, जीव मेटाकुटीला आलेला, आणि हा तरणा माणूस कागदावर नळ्यांची चित्रं काढत बसलेला.

समजावत मात्र होता मन लावून. रक्ताच्या बारीक नळ्यांना बाहेरून काही पेशी बिलगून असतात. त्यांनी धरून ठेवल्यामुळे नळी फुगत नाही, गळत नाही. गाठ आपल्या नळ्या घाईघाईनं वाढवते. तिथे या आधाराच्या पेशी कमी, असल्या तरी सैल. नळ्या गळतात, आत दाब वाढतो, आणि सलाईनमधून दिलेलं औषध गाठीच्या गाभ्यात शिरत नाही. म्हणून सोबत एक इंजेक्शन द्यायचं. त्यानं कच्च्या नळ्या झडतात, उरलेल्यांना त्या पेशी घट्ट धरतात, आणि काही काळ तरी औषध आतवर जातं.

आईनं पदर सारखा केला. "म्हंजे रोगाच्याच नळ्या दुरुस्त करायच्या? कावून?"

मलाही तेच वाटलं. मी म्हटलं, त्या धरणाऱ्या पेशीच काढून टाका की, कोसळू द्या सगळं. तो म्हणाला, आधार पार काढला तर गाठीच्या पेशी त्या गळक्या नळ्यांतून निसटून आणखी पसरायची भीती असते. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार. तिथेच आईचा संशय पक्का झाला. विचार करून सांगते म्हणाली, आणि बाहेर आल्यावर माझ्या कानात, हा इंजेक्शन विकणाऱ्यांचा माणूस दिसतोय.

परतताना मांजरसुंब्याला चहा घेताना मला आमची हराळी आठवली.

दुष्काळात आमच्या मोसंबीला पाणी मिळायचं ते गावच्या पाणी सोसायटीच्या बोअरचं, तेही पाळीनं. झाडांखाली हराळी माजलेली. येईल ते पाणी तीच प्यायची. तणनाशक फवारून उपयोग नव्हता, कारण सुकल्या हराळीत औषध उतरत नाही. मुळापर्यंत जायला तिच्यात ओल लागते. म्हणून आईनं एक अख्खी पाळी हराळीलाच सोडली. गावात बोभाटा झाला, झाडं वाळताहेत आणि ही बाई गवत भिजवतेय. सोसायटीवाल्यांना वाटलं, ही पाणी चोरून विकते. दोन मेंबर बांधावर पहाऱ्याला येऊन बसले. आई त्यांच्यासमोर छाती ठोकून म्हणाली, मला पक्कं माहीत आहे, हराळी मरणार. हिरवी झाल्यावर तिनं फवारली आणि ती मुळापासून पिवळी पडली. झाडं वाचली. त्यातला एक मेंबर अजूनही म्हणतो, पाणी विकलंच होतं.

मी आईला म्हटलं, तू हराळीला केलंस तेच डॉक्टर करतोय.

"ते गवत व्हतं. हे माझं अंग हाय." अर्धा चहा टाकून ती उठली.

मला भयंकर राग आला. ही बाई गाठीनं नाही, संशयानं मरणार, असं वाटलं. घरी आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही.

पुढच्या खेपेला तिनं डॉक्टरला एकच विचारलं, तुम्हाला पक्कं माहीत आहे का? त्यानं पेन खाली ठेवलं.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "काहींना गुण येतो, काहींना नाही. तुमचं मला आज सांगता येत नाही."

मी पिशवी उचलली, चल म्हटलं. आई तोवर पोलक्याची बाही वर सरकवत होती.

सुई लागल्यावर मी दबक्या आवाजात भांडले. तो स्वतःच खात्री नाही म्हणतो, आणि तू खुशाल हात पुढे करतेस?

"मला तरी कुठं खात्री व्हती तवा?" ती म्हणाली. "लई भ्याले व्हते. तरी त्या दोघांपुढं छाती ठोकून खोटं बोलले. तवापासून छाती ठोकणाऱ्याचा मला भरवसा न्हाई."

इतक्या वर्षांत हे ती कुणाला बोलली नव्हती. माझे डोळे भरून आले. ते तिला आवडलं नाही. तिनं सलाईनच्या बाटलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, ते दोघं बांधावर बसले होते ना, तसं बस आता, नजर हलवू नको.

मी स्टूल ओढलं आणि बसले.