‘बरं हाय’चं बटण

‘‘गुडघ्याचं कलिंगड झालंय आन् हितं ‘बरं’ दाबतोस व्हय रं?’’

उलट्या हातानं माझा गुडघा चाचपत आणि दुसऱ्या हातानं माझाच मोबाइल माझ्या नाकापुढं नाचवत दवाखान्यातल्या सिस्टर ओरडत होत्या. वाढवून सांगत नाही, त्या आवाजानं तिकडं हर्सूलच्या जेलात कैदी हजेरीला उभे राहिले असणार.

माझ्या रक्ताला जन्मापासून गोठायचा कंटाळा. हिमोफिलिया म्हणतात त्याला. जरा धक्का लागला की सांध्यात आतल्या आत रक्त साचतं. रक्त गोठवणाऱ्या ‘फॅक्टर’चं इंजेक्शन वेळेत मिळालं तर ठीक, नाहीतर सांधा कायमचा आखडतो. आणि मी पडलो खुलताबादचा शिंपी. गुडघाच आखडला तर मशीनचं पायडल कोण मारणार?

म्हणून दवाखान्यानं आम्हा पेशंटांच्या मोबाइलात एक ॲप घातलं होतं. रोज सकाळी ते विचारायचं, ‘कसं आहे?’ खाली दोन बटणं. हिरवं ‘बरं’, लाल ‘त्रास’. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं असं विचारल्यावर स्ट्रेचरवरचा माणूस तरी दुसरं काय म्हणतो? सगळ्यांनी हिरवं दाबलं. कॉम्प्युटरच्या हिशोबानं अख्ख्या मराठवाड्यातून आजार पळून गेला होता.

सिस्टरनी ॲपवाल्या पोरांच्या मागं लागून प्रश्नच बदलून घेतला. असा प्रश्न जगात कुठंच विचारत नाहीत, असं पोरं म्हणाली. मग जगाला पण पाठवा, असं सिस्टर म्हणाल्या. प्रश्न त्यांच्याच आवाजात, उत्तरही बोलूनच द्यायचं: ‘‘आज कोणतं काम राहिलं रं?’’

लोक सुटलेच. बिडकीनच्या एकानं सासऱ्याशी भांडायचं राहिलं म्हणून कळवलं. मीही एका सकाळी सहज बोलून गेलो, ‘पायडल मारलं नाय.’ चहा बशीत ओततोय तोवर सिस्टरचा फोन.

‘‘कोणता गुडघा?’’

दुपारी फॅक्टर मिळालं. त्या दिवाळीत निम्म्या खुलताबादच्या अंगावर माझी शिलाई होती.

सिस्टर रिटायर झाल्या. ॲपमधला आवाज अजून त्यांचाच आहे. परवा कळलं, त्या आजारी आहेत, अंथरुणावरून उठवत नाही. लगेच फोन लावला. ‘कसं हाय’ विचारण्याइतका मी कच्चा राहिलो नव्हतो.

म्हटलं, ‘‘सिस्टर, आज कोणतं काम राहिलं?’’



त्या म्हणाल्या, ‘‘बरं हाय.’’