हरणासाठी एवढं मोठं काडतूस?

रविवारी सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारून माझा नवरा कॅटलॉगमधल्या फोटोंवर बोट आडवं ठेवून काहीतरी मापत होता. मी मागे उभी आहे हे कळल्याबरोबर त्याने पान उलटलं. झालं, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. माणूस पान का उलटेल? बायकांचे फोटो होते का त्यात? काडतुसं होती हो, पितळेची, ओळीने उभी केलेली, खऱ्या आकारात छापलेली.

"कुठलं घेतोयस?" मी विचारलं.

"बघतोय नुसतं."

मी हात घालून पान परत उलटलं. डावीकडे थ्री-ओ-एट, माझ्या तर्जनीएवढं. त्याच्या शेजारी थर्टी-ऑट-सिक्स, मग थ्री हंड्रेड मॅग्नम, आणि अगदी उजवीकडे थ्री थर्टी-एट मॅग्नम, कमरेला पट्टा आवळल्यासारखं जाडजूड. पेन्सिलीचा गोल त्याच्याभोवती होता.

"हे कशाला?"

"हरणासाठी."

"हरणासाठी एवढं मोठं?"

मग स्वारी सुरू झाली. जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदोत, शेतं कशी मोकळी, अंतर कसं लांब, वारा गोळीला कसा ढकलतो, जड गोळी कशी सरळ जाते. माझा नवरा खरं बोलतो तेव्हा चार शब्दांत आटपतो. एवढं भाषण ऐकून मी मुकाट्याने बशी उचलली, पण मनात म्हटलं, पाणी मुरतंय कुठेतरी.

आम्ही टोकियोच्या एदोगावा भागात राहतो. तो सॉफ्टवेअरचं काम करतो आणि मी इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते. लग्नाआधी अंडंसुद्धा घराबाहेर जाऊन खाणारा हा पुणेकर शिकारी कसा झाला, हे माझ्या सासूबाईंना अजून नीट सांगितलेलं नाही. त्याचे इथले पहिले साहेब निवृत्त होऊन होक्काइदोत आपल्या गावी, गाईगुरांच्या धंद्यात परतले. त्यांना मूलबाळ नाही, याच्यावर भारी जीव. तिथे हरणं गुरांचा चारा फस्त करतात, शेतं तुडवतात, इतकी की सरकारच मारा म्हणतं. आधी हा सुट्टीला नुसता बघायला गेला. मग परीक्षा दिली, शॉटगन घेतली, आणि दर हिवाळ्यात हरणाचं मांस बर्फात घालून घरी येऊ लागलं. मी नाक मुरडलं, मग कांदा-लसूण मसाला घालून सुकं केलं, आणि मग माझ्याच मैत्रिणी विचारायला लागल्या, यंदा आणणार ना?

जपानात बंदूक घेणं म्हणजे बाजारात जाऊन पिशवीत टाकून आणणं नव्हे. आधी दहा वर्षं शॉटगन विनातक्रार सांभाळायची, मगच रायफल मागायची. शिवाय ज्या काडतुसाची रायफल अर्जात लिहाल तीच मिळणार. आणि त्याआधी पोलीस घरी येऊन बायकोला एकटीला विचारणार. नवरा पितो का? हात उगारतो का? घरात बंदूक असायला तुमची हरकत आहे का? बायको नको म्हणाली की बहुतेक विषय संपला. बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे आहे हे बायकोला माहीत असता कामा नये, असाही नियम. पोलिसाने विचारलं की मी डोळे मोठे करून "छे, मला काय माहीत" म्हणते. किल्ली त्याच्या जुन्या क्रिकेटच्या बुटात असते.

पहिल्यांदा पोलीस यायचा होता तेव्हा मी नवऱ्याला एकच अट घातली होती. हरणं मार, डुकरं मार, पण अस्वलाच्या वाटेला जायचं नाही. होक्काइदोचं अस्वल म्हणजे आपल्याकडे दरवेशी नाकात वेसण घालून फिरवायचे ते नव्हे. दोन पायांवर उभं राहिलं तर आमच्या फ्लॅटच्या छताला डोकं लागेल. त्याने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून आईशप्पथ म्हटलं होतं. त्या शब्दावर मी पोलिसाला हो म्हणाले.

म्हणून त्या पेन्सिलीच्या गोलाने माझं डोकं उठलं. पुढच्या शनिवारी तो बंदुकीच्या दुकानात निघाला तर मी चपला घालून दारात तयार.

"तुला कंटाळा येईल," तो म्हणाला.

"येऊ दे."

दुकानदार वयस्कर, गप्पिष्ट. मी सरळ काचेखालच्या त्या जाड काडतुसावर बोट ठेवून जपानीत विचारलं, हे हरणाला चांगलं का? तो हसला. म्हणाला, "मरेल की हरीण, पण खाणार काय? पुढचा सगळा खांदा रक्ताने काळा पडतो, फेकूनच द्यावा लागतो." एवढं बोलून त्याने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

येताना लोकल गाडीत कोणी बोलत नाही, सगळे मोबाइलमध्ये. मराठीचा एक फायदा असतो, आजूबाजूला कोणाला कळत नाही. मी हळू आवाजात सुरू केलं, "हरणाच्या हाडाचं पाणीसुद्धा तू मला ओतू देत नाहीस. सूप कर म्हणतोस. आणि आता अख्खा खांदा वाया घालवणारं काडतूस पाहिजे? मला काय शेंडी लावतोस?"

तो म्हणाला, "बरं. थ्री-ओ-एट घेतो."

मी जिंकले होते. पण एसी किती डिग्रीवर ठेवायचा यावर माझ्याशी आठवडाभर हुज्जत घालणारा हा माणूस एका स्टेशनाच्या अंतरात हरला? याने तर माझा संशय जास्तच वाढला. घरी येऊन भांडी घासता घासता मी एकेक गोष्ट जोडायला लागले. साहेबांचा फोन आला की हा गॅलरीत जातो आणि काच ओढून घेतो. साहेबांचा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यापासून कामातून गेला आहे. बर्फावर पाय घसरून पडले, असं यानेच मला सांगितलं होतं. आणि सांगताना रडला होता, अगदी हुंदके देऊन. तेव्हा मी त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, त्यांच्यासाठी तिळाचे लाडू करून पाठवले. आता वाटलं, अगं बाई, घसरून पडलेल्या माणसासाठी कोण इतकं रडतं?

त्याला विचारून उपयोग नव्हता. तो ताकास तूर लागू देत नव्हता. म्हणून शाळेत मधल्या सुट्टीत मी साहेबांच्या बायकोलाच फोन लावला. लाडवांचं निमित्त होतंच. बाई मोठ्या प्रेमळ. मी काही विचारायच्या आधीच त्या माझे आभार मानायला लागल्या.

"तुम्ही मोठ्या मनाच्या आहात हो. दुसऱ्या कुठल्या बायकोने नवऱ्याला पाठवलं नसतं. यंदा तुमचे मिस्टर येणार म्हणून गाव निर्धास्त आहे."

कशाला पाठवलं, मला कळेना. पण मी "हो, हो ना" करत राहिले, आणि त्या मला सगळं ठाऊक आहे असं धरून बोलत गेल्या. गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरणंबिसरणं काही झालं नव्हतं. दोघे हरणामागे गेले होते आणि झुडपातून अस्वल निघालं, थेट माझ्या नवऱ्याच्या अंगावर. याने शॉटगनची गोळी झाडली. लागलीसुद्धा. पण अस्वल थांबलं नाही. तेव्हा साहेब मध्ये आले, याला मागे ढकललं आणि आपली रायफल झाडली. अस्वल पडलं, पण पडता पडता पंजा खांद्यावर बसला. आता त्यांचा हात वर जात नाही. गावात अस्वल गोठ्यापर्यंत येतं आणि त्याच्यामागे जाईल असा माणूस उरला नाही. गावच्या बैठकीत विचारलं तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्या नवऱ्याने फोनवरून सांगितलं, मी येतो.

"आमच्या ह्यांनी बजावलंय त्यांना, थ्री थर्टी-एटच घे," बाई म्हणाल्या. "हरणाच्या काडतुसानेही मरतं अस्वल, नाही असं नाही. पण झुडपात ते हातभर अंतरावर असतं. तिथे नंतर मरून काय उपयोग? तिथल्या तिथे थांबायला हवं. तुमचे मिस्टर म्हणाले, नाहीच मिळाली रायफल तर शॉटगन घेऊन येतो, पण येतो."

मी फोन ठेवला आणि वर्गात गेले. अपूर्णांक शिकवत होते, पण फळ्यावर छेद वर आणि अंश खाली लिहीत होते. इतका राग मला लग्नानंतर कधी आला नव्हता. आईशप्पथ म्हणून मला शब्द द्यायचा, मरता मरता वाचायचं, घरी येऊन थाप मारायची, माझ्या हातचे लाडू न्यायचे आणि परत तिथेच जायचं कबूल करायचं! काय समजतो हा मला? मी तेव्हाच ठरवलं, पोलीस येऊ दे, मी स्पष्ट नको म्हणणार.

पोलीस यायला अवकाश होता. मी त्याला काही बोलले नाही. स्वतःहून सांगतोय का ते बघत होते. पोळी वाढताना बघत होते, कचरा वेगळा करताना बघत होते. एकदा म्हटलंसुद्धा, "साहेबांचा खांदा कसा आहे?" तर म्हणाला, "आहे तसाच," आणि आमटी घेतली. मला ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. रात्री तो शांत झोपायचा आणि मी जागी असायचे.

पोलीस ठरलेल्या दिवशी आला. तरुण, नम्र, दारात बूट जुळवून ठेवणारा. "नको ओकुसान", म्हणजे नको वहिनी, म्हणत त्याने चहा नाकारला. नवरा ऑफिसात होता, तसंच अपेक्षित असतं. पितात का? क्वचित. ओरडतात का? मीच ओरडते. यावर तो किंचित हसला. मी मुख्य प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर जिभेवर तयार होतं.

त्याने कागद बघून वाचलं, "रायफल, थ्री-ओ-एट. कारण, हरणांचा बंदोबस्त. ओकुसान, यांच्याकडे ही रायफल असायला तुमची काही हरकत आहे का?"

थ्री-ओ-एट. म्हणजे गाडीत म्हणाला ते त्याने खरंच केलं होतं. माझं तोंड बंद करायला, मला हरणाची खात्री पटावी म्हणून, साहेबांनी बजावलेलं सोडून त्याने लहान रायफल लिहिली होती. दुकानात बोट मी ठेवलं होतं. खांदा वाया जातो म्हणून गाडीत डोकं मी खाल्लं होतं. आणि आता मी नको म्हणाले तर तीही गेली. मग हा ती जुनी शॉटगन खांद्याला लावून जाणार, जिची गोळी लागूनही अस्वल थांबलं नव्हतं. जाण्यापासून तर तो थांबणार नव्हताच. माझ्या हातात फक्त एवढंच होतं, की त्याने काय घेऊन जायचं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोलीस घाबरला. पेन खाली ठेवून म्हणाला, "ओकुसान, काही त्रास असेल तर मोकळेपणाने सांगा."

"हरकत आहे," मी म्हणाले. "रायफल लहान आहे."

त्याने कागद पुन्हा वाचला.

"त्या गावात अस्वलं आहेत," मी सांगितलं. "अस्वलासमोर ही पुरी पडत नाही. थ्री थर्टी-एट मॅग्नम पाहिजे."

"पण अर्जात हरीण लिहिलंय."

"अर्ज चुकलाय. तो येऊन नवा देईल."

"मग चौकशी पुन्हा पहिल्यापासून होईल. मला पुन्हा यावं लागेल."

"या. तेव्हा हरकत नाही म्हणेन."

त्याने काय लिहून घेतलं देव जाणे. दारात बूट घालताना दोनदा वाकून नमस्कार केला आणि गेला. मी ओट्याशी उभी राहून पोटभर रडले. मग कुकर लावला, कारण दुसरं काय करणार.

संध्याकाळी नवरा आला तो चेहरा पाडूनच. पोलिसाचा फोन त्याला ऑफिसात गेला होता. एक बूट काढून तो दारातच पायरीवर बसला.

"साहेबांच्या बाईंनी सांगितलं तुला?" तो म्हणाला.

"त्यांनी. तू नाही."

"तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं. अजूनही देत नाहीये. पण तू जाणार आहेस ना?"

"हो."

भांडायचं बरंच राहिलं होतं. शपथेचं, थापेचं, लाडवांचं. सगळं मनात ओळीने लावून ठेवलेलं होतं. पण तोंडातून आला तो वेगळाच प्रश्न. पोलीस गेल्यापासून तोच माझ्या छातीवर बसला होता.

"मागच्या वेळी साहेब मध्ये आले म्हणून तू घरी आलास," मी म्हणाले. "या वेळी पुढे कोण असणार?"

दुसऱ्या बुटाची नाडी त्याच्या हातात तशीच होती.

"मी," तो म्हणाला.