देव घरातच आहेत ना?

ती घटना आठवली की आजही माझ्या डोळ्यांसमोर आधी चोर येत नाही, देव्हारा येतो. महिनोन्‌महिने बंद असलेलं घर, कोंदट वास, आणि देव्हाऱ्यात चांदीच्या टाकांच्या जागी ओळीनं मांडलेल्या सुपाऱ्या. प्रत्येक सुपारीला हळद-कुंकू वाहिलेलं. नोकरीत घरफोड्या पुष्कळ पाहिल्या. उचकटलेली कपाटं, विस्कटलेले कपडे, फोडलेली कुलपं याची सवय झाली होती. पण चोरानं जाता जाता पूजा उरकावी, हे मी प्रथमच पाहत होतो.

मी तेव्हा रत्नागिरीत गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. गणपती तोंडावर आले होते आणि देवरूखकडच्या डोंगराळ गावांतून एकामागून एक फिर्यादी येत होत्या. सगळी घरं बंद, मालक मुंबईला. गेलेला माल म्हणजे तांब्यापितळेची भांडी, समया आणि देव. टाक म्हणजे पत्र्यावर ठोकून काढलेल्या कुलदैवतांच्या छोट्या प्रतिमा. त्यांत चांदी असून असून किती असणार! पण मुंबईत कारकुनी करून केस पांढरे झालेले एक गृहस्थ माझ्यासमोर बसून आधी गेलेल्या भांड्यांची यादी सांगून गेले. मग म्हणाले, "साहेब, भांडी गेली तर जाऊ देत. भावकीला काय सांगू? पणजोबांपासून चालत आलेले देव माझ्या हयातीत गेले." त्यांना पाणी देण्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

आमचे हवालदार म्हणाले, "चोर देवभोळा दिसतो." मला त्या सुपाऱ्यांत वेगळंच दिसत होतं. देव हलवले तर जागा रिकामी ठेवायची नाही, सुपारी मांडायची, ही आपल्या घरांतली रीत. बाहेरून आलेली टोळी असला उपद्व्याप करत बसत नाही. हा चोर आपल्यातलाच होता आणि आईनं शिकवलेलं त्याच्या हातातून अजून गेलं नव्हतं.

याच सुमारास एसटी स्टँडसमोरच्या टपरीवाल्यानं खबर दिली. हा माणूस चहापेक्षा बातम्या जास्त उकळायचा, पण सहसा खोटं सांगत नसे. म्हणाला, "साहेब, बंद घरांतून हल्ली एकच बाई फिरते. साफसफाईवाली. चोरी झालेल्या दोन घरांत ती आधी जाऊन आल्येय."

चौकशी केली. बाई देवरूखजवळच्या एका वाडीतली. तिथल्याच कॉलेजातून बी.कॉम. झालेली, नवरा मुंबईला कंपनीत, घरी सासू आणि धाकटा दीर. वाडीतल्या तीन बायका सोबत घेऊन ती चाकरमान्यांची बंद घरं उघडून द्यायची. जाळी-जळमटं काढायची, वाळवी बघायची, जमीन सारवायची, मालक येण्याआधी देवापुढे दिवा लावायची. सगळं काम फोनवरून मिळायचं आणि फोन यायचे मोबाइलवरच्या जाहिरातीतून. कुणी काही शोधलं की निकालाच्या वर जाहिराती दिसतात, त्यातली.

फिर्यादी मुंबईला परतले होते, त्यांना संध्याकाळी फोन लावून विचारलं, घर बंद आहे हे कुणाला सांगितलं होतंत? बहुतेकांचं उत्तर एकच, साफसफाईवाल्यांना फोन केला होता. नंबर द्या म्हटलं की प्रत्येक जण फोन चालू ठेवूनच मोबाइलवर पुन्हा शोधायचा आणि समोर आलेला नंबर वाचून दाखवायचा. तो याच बाईचा असायचा. आम्ही पोलीस ठाण्यात बसून शोधलं तर जाहिरातच दिसेना, पण एवढ्या लोकांनी एकच नंबर दिल्यावर त्याचं काय मोठंसं, असं आम्हाला वाटलं.

महिला अंमलदार सोबत बसवून सकाळीच तिचा जबाब घ्यायला सुरुवात केली. तिनं रडून आकांत केला नाही. पदर खोचलेला, कामावरूनच उठून आलेली.

"घरात शिरल्यावर देव कुठे आहेत ते बघता?"

"बघते. दिवा लावायचा असतो ना."

"आणि टाक घासायला काढले तर?"

"जागेवर सुपारी ठेवते. तुमच्या घरी नाय ठेवत ओ साहेब?"

अंमलदारानं माझ्याकडे पाहिलं. हे उत्तर तिच्याच गळ्याशी येत होतं. ते तिच्याही लक्षात आलं, कारण ती एकदम घाईनं बोलू लागली. "साहेब, गावात काल माझ्यासमोर दार लावलंनी. माझ्या बायकांना कोण अंगणात घेईना. मला तुरुंगाची भीती नाय. पण चोर म्हणून नाव पडलं की लोकांची घरं उघडायचा धंदा संपला. मग त्या तिघींच्या चुलीचं काय?"

दुपारपर्यंत तिच्या मोबाइलचा सीडीआर, म्हणजे आल्यागेल्या फोनची नोंद, हाती आली आणि तपास अडला. तिनं साफ केलेल्या त्या दोन घरांचे मालक सोडले, तर एकाही फिर्यादीचा नंबर त्यात नव्हता. ही माणसं तर फोन केल्याचं शपथेवर सांगत होती. मग त्यांनी फोन केला कुणाला? फिर्यादींचे सीडीआर मागवले होते, ते यायचे होते. मी तो कागद तिच्यासमोर सरकवला. तिनं दोनदा वाचला आणि विचारलं, "तुमी जाहिरात कुठं बसून बघितलीत?"

"इथेच. दिसली नाही."

"हितं नायच दिसणार. मी ती फक्त मुंबई, ठाणे, कल्याण, विरारकडे दाखवते. हितल्या माणसाला काय गरज? तो शेजारणीला हाक मारतो."

मग तिनं मला तिचा धंदा समजावून सांगितला. सुरुवातीला तिनं जाहिरातीला 'हाउस क्लीनिंग, रत्नागिरी' असे शब्द लावले होते. फोन आले ते सोफा धुणारे हवेत म्हणून नाहीतर नोकरी आहे का विचारणारे. प्रत्येक टिचकीचे, म्हणजे क्लिकचे, पैसे मात्र कापले जात. तेव्हा तिनं मुंबईतल्या सगळ्या नातेवाइकांना फोन लावून विचारलं, गावचं घर उघडायला माणूस हवा असेल तर तुम्ही मोबाइलवर नेमकं काय लिहाल? कोण म्हणालं 'गणपतीआधी गावचे घर साफ करणारे', कोण म्हणालं 'बंद घर वाळवी उपाय'. एका आतेसासूनं सांगितलं, 'गावी देवाला दिवा लावणारे कोणी'. बाईनं तेच शब्द लावले, 'नोकरी' आणि 'भाड्याने' हे शब्द असले की जाहिरात दाखवू नये असं बजावलं, आणि फोन सुरू झाले.

"सगळ्यात जास्त लोक दिव्याचंच लिहितात साहेब. बहुतेक दुपारी, हापिसात डबा खाताना. तेव्हा घर आठवत असणार." मग म्हणाली, "पण यंदा दुपारचे फोन एकदम तुटले. घरात बोलले तर म्हणाले, मंदी आहे."

माझी मुलगी ठाण्याला नोकरी करते. तिला फोन करून म्हटलं, ऑफिसच्या जेवणाच्या सुटीत हे शब्द जसेच्या तसे टाक आणि काय दिसतं ते फोटो काढून पाठव. सायबर विभागाकडे रीतसर पत्र जाणार होतंच, पण मुलगी लवकर उत्तर देते. तासाभरात फोटो आला. 'गावी देवाला दिवा लावणारे कोणी' या शब्दांवर दोन जाहिराती होत्या. खालची या बाईची. वरची तिच्याच नावाशी मिळतीजुळती, नंबर वेगळा. संध्याकाळी मुलीनं पुन्हा शोधलं तेव्हा वरची गायब झाली होती; ती फक्त दुपारच्या सुटीपुरती लावली जात होती. फिर्यादी नंतर शोधायचे तेव्हा त्यांना बाईचाच नंबर का मिळायचा, याचा उलगडा झाला. नंबर जपून ठेवायची कुणाला सवयच नाही, लागला की शोधायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईला पुन्हा बोलावलं आणि फोटो दाखवला. विचारलं, "आतेसासूचे हे शब्द आणखी कुणाला माहीत होते?"

ती म्हणाली, "मला." मग फोटोकडे पुन्हा पाहून, "आणि घरात."

मी तिच्यासमोरच साध्या नंबरावरून तो वरचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. डोंबिवलीचा चाकरमानी झालो. गणपतीला येतोय, घर उघडून द्या म्हटलं. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. गाव कुठलं, कधी येणार, चावी कुणाकडे, शेजारी माणसं असतात का. मी आमच्या एका शिपायाच्या बंद घराचा पत्ता दिला. फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "आणि काका, देव घरातच आहेत ना? का भावकीकडे ठेवलेत?"

मी हो म्हणून फोन ठेवला. समोर बाईचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले. अशा वेळी काही विचारू नये, हे या नोकरीत शिकलो होतो. अंमलदारानं पुढे केलेला पाण्याचा पेला तिनं घेतला नाही.

"साहेब," ती म्हणाली, "हा आमच्या घरातला आवाज आहे. माझा दीर."

गप्प बसली असती तरी आम्ही तिथवर पोचलोच असतो, फक्त उशीर लागला असता. त्या उशिरात त्याला गाव सोडून पळता आलं असतं, हे तिलाही कळत होतं. तिनं जबाबावर सही केली. घरी यातलं अवाक्षर बोलू नका म्हटलं, तर मान हलवली. त्या दिवसांत एकाच छपराखाली त्याला जेवायला वाढताना तिचं काय झालं असेल, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

त्याच आठवड्यात भर दुपारी तो शिपायाच्या घरी आला. मोटरसायकलला झाडू आणि बादली बांधलेली. समोरच्या म्हातारीनं हटकलं तर हसून म्हणाला, "साफसफाईला आलोय काकी." म्हातारी म्हणाली, "बरा झाला बाबा, घराक जाग हवी." आम्ही दोन पंचांसह आतल्या काळोख्या खोलीत होतो. त्यानं आधी चपला काढल्या. देव्हाऱ्यापुढे हात जोडले. टाक उचलून फडक्यात बांधले, खिशातून सुपाऱ्या काढून जागेवर मांडल्या. मी पुढे होऊन मनगट धरलं, तेव्हा तो झटापट न करता म्हणाला, "साहेब, देव्हारा रिकामा नाय ठेवला मी. एकाचाही नाय." जणू मी त्याच एका गोष्टीचा जाब विचारायला आलो होतो.

पुढचं सगळं रीतसर झालं. मुंबईतली नोकरी गेल्यावर तो गावी आला होता. राहणी मुंबईची, हाताला काम नाही. वहिनीच्या जाहिरातीची तांत्रिक बाजू त्यानंच लावून दिली होती. कुठल्या शब्दांवर कोणती माणसं येतात, वहिनी कुठली घरं उघडते, हे त्याच्या समोरच ठरलं होतं. जो माणूस 'देवाला दिवा लावणारे कोणी' असं लिहितो, त्याचं घर बंद आहे, गावात त्याचं कुणी उरलेलं नाही आणि देव मात्र घरात आहेत, एवढं त्या चार शब्दांतून त्याला कळत होतं. वहिनीनं त्यातून काम शोधलं, यानं माल शोधला.

भांडी त्यानं भंगारात घातली होती. टाक विकायचा धीर झाला नाही. ते त्यानं स्वतःच्या घरीच गोठ्याच्या माळ्यावर तांबड्या फडक्यात बांधून ठेवले होते. पंचनाम्याला आम्ही गेलो तेव्हा सासूबाई पडवीत बसल्या होत्या. एकेक टाक खाली येत होता आणि त्या पाहत होत्या. शेवटी सुनेकडे वळून म्हणाल्या, "बाहेरच्यांनी पकडला असता तर पकडला असता. तू कशाला आवाज ओळखलास गो?" सून खांबाला टेकून उभी होती.

कोर्टाच्या आदेशानं टाक ज्याचे त्याला मिळाले. ते कारकून गृहस्थ घ्यायला आले तेव्हा त्यांनी नवं धोतर नेसलं होतं. पोलीस ठाण्यातल्या टेबलावरून देव उचलताना त्यांनी बूट काढले, ते पाहून आमचे हवालदारही अनवाणी झाले.

पूर्वी एखादं घर बंद असलं की ते फार तर वाडीला ठाऊक असायचं. आता माणूस परगावी बसून, डबा खाता खाता, आपली अडचण स्वतःच्या बोटांनी लिहितो आणि ती कोण वाचतंय याची त्याला कल्पना नसते. शेजाऱ्याला जे विचारायला संकोच वाटतो, ते तो मोबाइलला बिनधास्त विचारतो. मी जिथे जिथे व्याख्यानाला जातो तिथे हे सांगतो. नंबर पडताळून घ्या, चावी कुठे आहे ते फोनवर बोलू नका. लोक माना डोलावतात आणि बाहेर पडताच मोबाइल काढतात.

निवृत्तीनंतर मी रत्नागिरीतच राहिलो. आमचं गावचं घरही बंदच असतं. गेल्या वर्षी गणपतीआधी ते उघडायचं होतं, म्हणून मुलीला ठाण्याहून शोधायला सांगितलं. बाईची जाहिरात पहिलीच आली. खाली एक ओळ नवीन होती, 'देव आणि चावी यांबद्दल फोनवर सांगू नये. आम्ही विचारणार नाही.'

ती आली, सोबत त्याच तिघी. माझे पांढरे झालेले केस पाहून हसली. काम झाल्यावर ओसरीवर चहा घेताना मी सासूबाईंची चौकशी केली.

"आहेत. पण माझ्या हातचं पाणी अजून घेत नायत. दीर सुटून आला, आता पुण्याला असतो. त्याच्याशी फोनवर बोलतात, माझ्याशी नाय."

मला राहवलं नाही. म्हटलं, "त्या दिवशी आवाज ओळखला नाही असं म्हणाला असतात, तर मला कळलं नसतं."

तिनं कप खाली ठेवला. आत देव्हाऱ्यात तिनं नुकताच लावलेला दिवा ओसरीवरून दिसत होता.

"तुमाला नसतं कळलं," ती म्हणाली. "पण साहेब, मला रोज कोणाच्या ना कोणाच्या देवासमोर बसायचं असतं."